दोन वर्षांच्या पिल्लूला थीम पार्कला न्यावं का? न्या, पण अर्ध्या दिवसासाठी

प्रश्न: ताई, माझी मुलगी २२ महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात नणंद, तिची दोन मुलं (६ आणि ९ वर्षं) आणि आम्ही तिघं असं मिळून मुलांच्या थीम पार्कला जायचं ठरतंय. नवरा म्हणतो तिकिटाला इतके पैसे घालायचे तर उघडल्यापासून बंद होईपर्यंत थांबू. नणंद म्हणते सगळे एकत्रच फिरू, वेगवेगळं फिरायचं तर एकत्र जायचं कशाला. सासूबाई म्हणतात एवढ्याशा लेकराला काय कळतंय, तिला माझ्याकडे ठेवून जा. पिल्लू दुपारी एकला झोपते, नाही झोपली तर संध्याकाळी आवरत नाही. आणि एका वाढदिवसाला टेडीचा ड्रेस घातलेला माणूस बघून ती इतकी घाबरली की नंतर रात्री दचकून उठत होती. मला न्यायचंय तिला, पण भीती पण वाटते. काय करू? – गोंधळलेली आई

उत्तर:

ने तिला. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. पण गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत हा जो प्लॅन आहे ना तो ९ वर्षांच्या मुलाला धरून केलेला आहे, तुझ्या पिल्लूचा त्यात कुणी विचारच केलेला नाहीये, आणि मला वाटतं तुला पार्कपेक्षा या प्लॅनचीच जास्त भीती वाटतीये.

सासूबाईंचं आधी घेऊ. मोठी झाल्यावर तिला यातलं काही आठवणार नाही हे बरोबर आहे, बहुतेक माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासच्या असतात. पण तिला काही कळत नाही हे मात्र खरं नाही. या वयाची मुलं बघितलेली गोष्ट आठवडेच्या आठवडे, कधी कधी महिने सुद्धा लक्षात ठेवतात, धड बोलता येत नसलं तरी हातवारे करून आवाज काढून सांगत राहतात, मेरी-गो-राउंडवर बसून आलेलं मूल घरी उशीवर बसून तसंच पुढेमागे डुलतं आणि आपल्याला पण बस म्हणतं. तेवढं पुरेसं आहे की. फक्त हे सासूबाईंना वाद घातल्यासारखं नको सांगूस, त्यांना नातीची काळजी आहे म्हणून त्या तसं म्हणतायत. त्यांना चालवत असेल आणि यायची इच्छा असेल तर उलट त्यांनाच बरोबर घे, अशा ठिकाणी एक जास्तीचं मोठं माणूस म्हणजे खूप मोठा आधार असतो, एकजण बाथरूमला गेलं तरी पिल्लूजवळ दोघं उरतात.

आता पैसे वसूल. पिल्लूचं तिकीट कदाचित लागणारच नाही. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांमध्ये ३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाहीये, बऱ्याच ठिकाणी वयाऐवजी उंचीवर ठरतं, तुम्ही जाताय त्या पार्कचा नियम आधी वेबसाइटवर बघून घे. म्हणजे वसुली करायची ती मोठ्यांच्या तिकिटाची, आणि ती मोठ्यांनी खुशाल करावी, नवऱ्याने भाच्यांबरोबर संध्याकाळपर्यंत थांबावं, कुणाची ना नाही. पण तू आणि पिल्लू दुपारी बाहेर. हे तिकीट काढायच्या आधी ठरलं पाहिजे, पार्कच्या मधोमध उभं राहून, मूल रडत असताना, सगळे दमलेले असताना "आता निघू या का" हा विषय काढला की भांडण होतंच. नवऱ्याला सरळ सांग की मी साडेबाराला तिला घेऊन निघणार, गाडी माझ्याकडे राहील किंवा मी टॅक्सीने जाईन, तुम्ही मागून या. तो म्हणेल तिथे गेल्यावर बघू. नाही, आत्ताच ठरवायचं, कारण या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही निघायची वेळच आहे, बाकी राइड कुठली, फोटो कुठे, हे सगळं त्याच्या नंतर.

निघायची वेळ एवढी लावून धरतीये कारण झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची धरून. पिल्लू एकला झोपते म्हणजे बाराच्या सुमाराला तिची गाडी उतरणीला लागते, त्यात ऊन, गर्दी, आवाज, अनोळखी चेहरे, आणि भूक. आपल्याला वाटतं ती हट्ट करतीये, पण तिचं शरीर थकलेलं असतं आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नाहीयेत. त्यामुळे ती मस्त हसत खेळत असतानाच निघायचं, रडायला लागल्यावर नाही. तेव्हा निघायला जिवावर येतं मला माहितीये, सगळे म्हणतात अगं बघ ना किती खुश आहे राहू दे अजून अर्धा तास. त्या अर्ध्या तासातच सगळं बिघडतं. पार्क घरापासून खूप लांब असेल आणि निघणं शक्यच नसेल तर सीट पूर्ण मागे जाणारा स्वतःचा स्ट्रोलर ने, तिथे भाड्याने मिळतात ते बहुतेक ताठ बसायचे असतात, त्यात मूल झोपत नाही, मान लटकते. सावलीतला शांत कोपरा सकाळीच हेरून ठेव. आणि एक, स्ट्रोलरवर ऊन लागू नये म्हणून चादर किंवा ओढणी टाकून पूर्ण झाकतात लोक, ते अजिबात करू नको, आत हवा खेळत नाही आणि बाहेरच्यापेक्षा आत गरम होतं, पटकन लक्षातही येत नाही.

सकाळी मात्र लवकर जा, गेट उघडायच्या आधी पोचलात तर उत्तम. मोठी मुलं आणि त्यांचे आईबाप पहिल्यांदा मोठ्या राइडकडे पळतात त्यामुळे छोट्यांचा भाग पहिला तास दीड तास बऱ्यापैकी रिकामा असतो. तो तास तुमचा. त्या वेळात दोन-तीन गोष्टी झाल्या तरी पिल्लूचा दिवस भरला असं समज, आणि ती एकाच ठिकाणी रमली, एकच झोका, एकच कारंजं, चार वेळा तेच ते, तर तिला तिथून ओढून पुढच्या राइडकडे नेऊ नको. या वयाच्या मुलांना परत परत तेच करण्यातच आनंद असतो, पुढे काय होणार हे आपल्याला माहितीये आणि तसंच झालं, याची ती मजा आहे. लाइन मोठी असेल तर सरळ सोडून द्यायची, दहा-पंधरा मिनिटांच्या वर दोन वर्षांचं मूल लाइनमध्ये उभं करणं म्हणजे तिची निम्मी ताकद तिथेच संपवणं.

राइडचं बोलायचं तर उंचीची अट आधी घरी मोजून बघ. दोन वर्षांचं मूल साधारण ८५ ते ८७ सेंटीमीटर असतं, थोडं कमीजास्त. डिस्नेसारख्या पार्कांत बऱ्याच वेगवान राइडची अट १०२ सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे त्या नाहीतच, विषय संपला. तिथल्या स्टाफशी "आम्ही धरतो ना तिला" म्हणून वाद घालणारे आईबाप दिसतात, तसं कुणालाही करू देऊ नको. ते जे दांडे आणि पट्टे असतात ते ठराविक मापाच्या शरीरासाठी बनवलेले असतात, लहान मूल त्याच्या खालून निसटू शकतं, शिवाय या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कमकुवत असते, झटका बसला तर आपला हात काही कामाचा नसतो. भाचा म्हणेल मामी तिला पण घ्या ना, त्याला समजावून सांगायचं आणि पुढे जायचं.

मेरी-गो-राउंड, हळू चालणारी छोटी ट्रेन, पाण्यावरची संथ बोट, या तिच्या राइड. पण आधी बाहेर उभं राहून एक अख्खी फेरी तिला बघू दे, उतरणाऱ्या मुलांचे चेहरे बघू दे, आणि बोगदा किंवा अंधार आहे का ते स्टाफला विचार, अंधारात अचानक मोठा आवाज झाला की लहान मुलं फार घाबरतात आणि मग पुढच्या कुठल्याच राइडमध्ये बसत नाहीत. मेरी-गो-राउंडवर पहिल्यांदा वरखाली होणाऱ्या घोड्यावर बसवायची घाई नको, त्यात बाकासारखी बसायची जागा असते किंवा एखादा न हलणारा घोडा असतो, तिथून सुरुवात कर. मधेच खूप रडायला लागली तर चालवणाऱ्याला हात करून थांबवायला सांग, लाजायचं नाही, आणि राइड चालू असताना तिला घेऊन उतरायचा प्रयत्न तर अजिबात नाही.

घसरगुंडीबद्दल थोडं जास्त सांगते कारण हे खूप जणांना माहीत नसतं. मुलाला एकटं सोडायची भीती वाटते म्हणून आपण मांडीवर घेऊन घसरतो, वाटतं हे जास्त सेफ आहे. उलट त्यानेच लहान मुलांचे पाय मोडतात. मुलाचा बूट किंवा पाऊल कडेला किंवा खालच्या पृष्ठभागाला अडकतं, एकटं मूल असतं तर ते तिथेच थांबलं असतं, पण मागून आपलं सगळं वजन वेगात येत असतं, पाय मागेच राहतो आणि नडगीचं हाड पिळवटून फ्रॅक्चर होतं. म्हणून तिच्या उंचीची छोटी घसरगुंडी असेल तर तिला एकटीला घसरू दे आणि तू बाजूला उभी राहून हात धर, मोठी असेल तर नाहीच. आणि उन्हातली घसरगुंडी, रबरी फरशी, धातूचे कठडे, याला आधी आपला उलटा हात लावून बघायचा, लहान मुलांची कातडी पातळ असते, काही सेकंदात भाजतं.

टेडीवाल्या माणसाचं तू लिहिलंस ते वाचून मला बरं वाटलं की तू ते लक्षात ठेवलंयस, नाहीतर लोक म्हणतात घाबरट आहे, सवय होईल. ती घाबरट नाहीये गं. या वयाची मुलं माणूस कसा आहे हे चेहऱ्यावरून वाचतात, डोळे मिचकावतो का, ओठ हलतात का, आणि हा समोरचा केवढा तरी मोठा प्राणी, चालतोय हात हलवतोय पण चेहरा मात्र गोठलेला, तोंड उघडं ते उघडंच. त्यात कुणीतरी तिला उचलून फोटोसाठी त्याच्या हातात देतं. घाबरणार नाही तर काय. तू असं कर, लांबून दिसला की स्वतः हसून त्याला टाटा कर, तिला काही करायला सांगू नको. अनोळखी काही दिसलं की मुलं आधी आईच्या चेहऱ्याकडे बघतात, आई निवांत आहे का ते बघून मग स्वतःचं ठरवतात, त्यामुळे तुझा चेहरा निवांत असणं हेच मोठं काम आहे. तिने टाटा केला तर छान, तुझ्या खांद्यात तोंड लपवलं तर "बरं, आपण लांबूनच बघू" म्हणून बाजूला हो. जवळ नेऊन फोटो काढायचाच असा आग्रह नणंदेने किंवा कुणीही धरला तर तिथे ठामपणे नाही म्हण, वाईटपणा आला तरी चालेल. रात्री दचकून उठणारं पोर तुझं आहे. पार्कला जायच्या आधी घरीच पार्कच्या व्हिडिओमधले असे प्राणी मोबाईलवर दाखव, शक्य असेल तर मुखवटा घालणारा माणूस मुखवटा काढतो असं काहीतरी घरीच खेळून बघ, टोपी घाल काढ, तोंडावर कागद धर काढ.

आवाजाचं पण तसंच. परेड असेल तर स्पीकरच्या जवळ उभं राहायचं नाही. मुलांचे कानावर बसणारे इअरमफ मिळतात ते घे आणि घरी दोन-चार दिवस खेळणं म्हणून घालू दे, कानात घालायचे बारीक बोळे या वयात नकोत, ते तोंडात जातात. आणि अजून एक जागा जिथे मुलं हमखास घाबरतात ती म्हणजे बाथरूम, हात वाळवायच्या मशीनचा आवाज आणि आपोआप होणारं फ्लश. मूल बसलेलं असतानाच ते धाडकन सुटतं आणि मग आठवडाभर कमोडवर बसायला तयार नसतं. चिकटणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या मिळतात ना, पर्समध्ये ठेव, सेन्सरवर एक लावायची, काम झालं की काढायची. डायपर सोडवायचं चालू असेल तर त्या दिवशी बिनधास्त डायपर घाल, एका दिवसाने काही बिघडत नाही.

खाण्यात फक्त एवढं बघ की भाच्यांच्या हातातलं पॉपकॉर्न, शेंगदाणे, गोल गोळ्या तिच्या तोंडात जाऊ नयेत, ४ वर्षांच्या आत हे घशात अडकायचा धोका असतो, द्राक्षं द्यायची तर उभी चार तुकडे करून. भाच्यांना हे आधीच सांगून ठेव, मुलं प्रेमाने भरवायला जातात. चालत्या स्ट्रोलरमध्ये, राइडमध्ये, पळताना खायला द्यायचं नाही. पाणी ती मागेल तेव्हा नाही, तूच दर थोड्या वेळाने पाज. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, निघायच्या आधी लावून दर दोन तासांनी परत, पाण्यात खेळली तर लगेच.

पाण्यात खेळायची जागा असेल तर पोहायचं डायपर वेगळं असतं ते घे, पण ते लघवी अडवत नाही, त्यामुळे आत जायच्या आधी घालायचं, गाडीतून घालून न्यायचं नाही. आणि पाणी घोट्याएवढं असलं तरी तू हाताच्या अंतरावर. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हात मारत नाही, गप्प बुडतं, आणि त्याला काही सेंटीमीटर पाणी पुरतं.

आता एक गोष्ट, जी नणंदेशी बोलताना उपयोगी पडेल. सगळे एकत्र फिरले की सगळेच पिल्लूकडे बघतायत असं वाटतं आणि प्रत्यक्षात कुणीच बघत नसतं. तुला वाटतं नवऱ्याकडे आहे, त्याला वाटतं ताईकडे आहे. म्हणून एका वेळी एकाच मोठ्या माणसाची जबाबदारी, आणि बदलताना तोंडाने बोलायचं, "आता ती तुझ्याकडे", समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय जायचं नाही. ६ आणि ९ वर्षांच्या मुलांवर ही जबाबदारी एका मिनिटासाठी पण टाकायची नाही, त्यांचा दिवस आहे तो. गेटवर पोचल्या पोचल्या तिचा पूर्ण फोटो काढ, त्या दिवशीचे कपडे बूट दिसतील असा. हातावर पेनाने तुझा मोबाईल नंबर लिही किंवा बँड बांध, नाव मात्र कपड्यांवर बाहेरून दिसेल असं नको, नावाने हाक मारली की मूल अनोळखी माणसाबरोबर पण जातं. दिसेनाशी झालीच तर आधी पाण्याकडे बघायचं, एकाने लगेच स्टाफला गाठायचं, आणि बाकीच्यांनी नुसती नावाने हाक न मारता मोठ्याने वर्णन ओरडायचं, दोन वर्षांची मुलगी, पिवळा टीशर्ट, लाल बूट, म्हणजे आजूबाजूचे पण शोधायला लागतात.

नणंदेला सांग की आपण सकाळी एकत्र आत जाऊ, पहिला तास छोट्यांच्या भागात सगळे, मग तुमची मुलं आणि हे मोठ्या राइडकडे, आणि साडेअकराला अमुक ठिकाणी सगळे एकत्र खाऊ, त्यानंतर मी पिल्लूला घेऊन निघते. एकत्र असणं म्हणजे बारा तास एकमेकांना चिकटून असणं नाही हे तिला पण पटेल, कारण तिच्या मुलांना सुद्धा दर राइडला पिल्लूसाठी थांबायला लागलं तर ती कंटाळतील आणि राग पिल्लूवर निघेल. आणि तुला स्वतःला एखादी मोठी राइड करायची असेल तर ती पण कर. बऱ्याच पार्कांत अशी सोय असते की एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिला परत लाइन न लावता जातो, डिस्नेत त्याला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सल स्टुडिओजच्या पार्कांत चाइल्ड स्वॅप. राइडच्या दारातल्या स्टाफला विचारायचं, विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

निघताना "पाच मिनिटांत जायचं" हे तिला कळत नाही. "अजून दोनदा, मग घोड्याला बाय" हे कळतं. दोनदा म्हटलं की दोनदाच. बऱ्याच पार्कांत बाहेर पडायचा रस्ता खेळण्यांच्या दुकानातूनच असतो आणि दमलेलं मूल तिथे हमखास अडून बसतं, तर दुसरा रस्ता आहे का ते सकाळीच बघून ठेव, नसेल तर तिच्या आवडीचं काहीतरी खाणं किंवा तिची घरची बाहुली बॅगेत लपवून ठेव आणि बरोबर तिथेच हातात दे, कडेवर घे आणि न थांबता बाहेर.

आणि तिकीट काढताना तारीख बदलता येते का ते बघ. त्या दिवशी सकाळी अंग कोमट लागलं, रात्री झोप झाली नसली, नाक गळत असलं, तर नवरा आणि भाचे जाऊ देत, तुम्ही दोघी नंतर कधीतरी जा.